१६ ऑगस्टच्या भाषणात आजीच्या मावशीचं नाव घेऊ का?

चिमूरची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न अर्धा घरचा आहे, अर्धा गावाचा. लांबलं तर सांभाळून घ्या, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता यायचा नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सातवीपर्यंत शाळा, पोरं एकसष्ट. आमच्या भागात पंधरा ऑगस्टला झेंडा होतो, पण मोठा दिवस सोळा. १६ ऑगस्ट १९४२. रविवार होता आणि नागपंचमी होती. गांधीजींना मुंबईत अटक होऊन आठवडा झाला होता. त्या सकाळी चिमूरमध्ये प्रभातफेरी निघाली, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, शाळकरी वयाचे बालाजी रायपूरकर पडले आणि गाव पेटलं. डाकबंगला जाळला. रस्त्यावर झाडं आडवी पाडली, पूल फोडले, की बाहेरून फौज येऊ नये. फौज यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस चिमूरवर इंग्रजाचं राज्य नव्हतं.

मी हे दर वर्षी पोरांना सांगते आणि दर वर्षी माझ्या अंगावर काटा येतो. मुंबई-पुण्यापासून एवढ्या लांब, धानाच्या बांध्यांच्या आणि जंगलाच्या मधल्या गावानं हे केलं. कोणी मोठा पुढारी येऊन सांगून गेला नव्हता. तुकडोजी महाराजांनी गावोगाव खंजिरी वाजवून माणसं जागी केली होती. बाकी सगळे आपलेच. तेली, कुणबी, कोष्टी, गोंड. शेतकरी आणि मजूर. मला त्याचा अभिमान आहे.

आता घरचं. माझे पणजोबा, म्हणजे आजीचे वडील, त्या दिवशी चिमूरला गेले होते. त्यांचं गाव तिथून दोन कोसांवर. धानाचे रोवणे नुकतेच आटोपले होते. आजी तेव्हा नऊ वर्षांची. ती सांगायची, सकाळी वारुळाला लाह्या वाहून आलो, नागपंचमी म्हणून मायनं तवा ठेवला नव्हता, काही चिरलं नव्हतं, आणि बाबा न जेवताच गेले. रात्री उशिरा आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. मायला एवढंच म्हणाले, "आज गाव आपलं झालं." नंतर त्यांना धरलं, नागपूरच्या तुरुंगात टाकलं. सुटून आले तेव्हा आजीचं लग्न ठरलेलं होतं. १९७२ मध्ये त्यांना सरकारकडून स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट मिळाला. तो अजून आमच्या बैठकीत आहे. सोळा ऑगस्टला मामा तो चिंच लावून घासतो, फोटोला हार घालतो, आणि शाळेतल्या भाषणात मी त्यांचं नाव घेते. पोरं टाळ्या वाजवतात. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

पण आजीला एक मावशी होती. चिमूरातच दिली होती, बालाजीच्या देवळाजवळ घर. फौज आली तेव्हा चिमूरातल्या पुरुषांना धरून नेलं होतं, उरलेले जंगलात पळाले होते, घरात बायका आणि लेकरं. त्या दिवसांत सैनिकांनी बायकांवर काय केलं ते इथल्या जाणत्या लोकांना माहीत आहे, मी पुन्हा लिहीत नाही. मावशी त्या बायकांपैकी एक.

आणि मावशी गप्प बसली नाही. नागपूरहून काही बाया चौकशीला आल्या, डॉ. मुंजेही येऊन गेले, तेव्हा ज्या बायकांनी समोर बसून सगळं सांगितलं त्यात ती होती. आजी सांगायची, घरातल्या सगळ्यांनी तिला नको म्हटलं होतं. सासूनं दाराला आतून कडी घातली होती. ती मागच्या दारानं, गोठ्यातून गेली.

आजीच्या गावातही त्या दिवसांत फौज येईल म्हणून बायका-पोरींना लपवलं होतं. आजीला तणसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात. दोन रात्री. वर ओली तणीस, आत गरम वाफ, खोकला आला तर तोंडात पदर. तिला मरेपर्यंत तणसीचा वास सहन झाला नाही. दिवाळीनंतर मळणी होऊन अंगणात तणीस पडली की ती मागच्या पडवीत निजायला जायची. आम्हा नातवंडांना वाटायचं, म्हातारीला दमा आहे.

२०१९ मध्ये आजी गेली. जायच्या महिनाभर आधी मी तिच्याजवळ बसले होते. समोर ताम्रपट होता. ती त्याच्याकडे पाहून म्हणाली, "बाबाले देल्लं, बरं केलं. पन मावशीले कोनं का देल्लं वो?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आमच्या घरात मावशीचा फोटो नाही. सोळा ऑगस्टला तिचं नाव कोणी घेत नाही. मीही आजवर घेतलं नाही, आणि मी तर मास्तरीण आहे.

या वर्षी मला नाव घ्यायचं आहे. पणजोबांच्या बरोबरीनं. मामाला विचारलं तर तो चिडला. म्हणाला, त्यांच्या घरचे लोक आहेत अजून, त्यांच्या इज्जतीचा प्रश्न आहे, आणि लहान पोरांपुढे हे कशाला. आमचे मुख्याध्यापक चांगले आहेत, पण त्यांनीही मान खाली घातली.

तुम्ही सांगा. घेऊ का? आणि घेतलं तर अकरा-बारा वर्षांच्या पोरांपुढे कोणत्या शब्दांत?

---

आष्टीवाला

ताई, तुम्ही चिमूरचं लिहिलं, मी आष्टीचा. वर्धा जिल्हा. तीच तारीख, तीच नागपंचमी. पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला लोक निघाले आणि गोळीबार झाला. डॉ. गोविंद मालपे, पंचम गोंड, नवाब रशीद खान ही नावं आम्हाला दुसरीपासून पाठ. एक डॉक्टर, एक गोंड, एक मुसलमान, एका दिवशी एका ठाण्यासमोर. पोलीसही मारले गेले. आमच्या एसटीच्या पाटीवर नुसतं आष्टी नसतं, आष्टी (शहीद) असतं. लहानपणी मला वाटायचं शहीद हे आमच्या गावाचं आडनाव आहे. वरूडकडे बेनोडा (शहीद) आहे, अमरावतीजवळ यावली (शहीद) आहे. तुकडोजी महाराजांचा जन्म यावलीचा. नाव सांगतानाच गावाची छाती पुढे येते.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. नाव घ्या. आमच्या स्मारकावर नावं आहेत ती गोळी लागलेल्यांची. ज्यांना गोळी लागली नाही पण जन्मभर भोगावं लागलं, त्यांची यादी कोणी केली नाही. फाशीच्या शिक्षा झालेल्या माणसांच्या बायका तीन वर्षं कुंकू लावून बसल्या, उद्या राहील की जाईल ठाऊक नाही. आष्टी-चिमूरच्या माणसांना फासावरून सोडवायला नागपूरच्या अनसूयाबाई काळे देशभर धडपडल्या. १९४५ मध्ये शिक्षा जन्मठेपेवर आल्या. त्यांचं नाव तरी किती पोरांना माहीत आहे?

---

पाटलाचा_नातू

मी भंडाऱ्याकडचा. माझे पणजोबा इंग्रजांच्या काळात पोलीस पाटील होते, म्हणून मला या विषयावर बोलताना दहादा विचार करावा लागतो. तरी बोलतो.

चिमूरला त्या दिवशी चार सरकारी माणसं मारली गेली. उपविभागीय अधिकारी, नायब तहसीलदार, सर्कल इन्स्पेक्टर आणि एक शिपाई. चौघेही याच देशातले. पोटासाठी नोकरी करणारे. त्यांच्याही घरी नागपंचमी असेल. तुम्ही पोरांना "गाव पेटलं" म्हणता आणि पुढे जाता. गांधीजींच्या नावानं निघालेल्या फेरीनं माणसं मारली, हे सांगायला नको का? माझ्या घरात पणजोबांचा फोटो आहे, पण हार घालायची सोय नाही. त्यांनी १९४२ मध्ये कोणाला धरून दिलं नाही, एवढं आम्हाला माहीत आहे. तेवढंही कुठे लिहिलेलं नाही.

मावशीबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्या माउलीला नमस्कार.

---

चिमूरची_लेक

आष्टीवाला दादा, वाचून डोळे भरले.

पाटलाचा_नातू, तुम्ही बोललात हे बरं केलं. मी ते पोरांना सांगते, इथे लिहिताना घाईत राहिलं. सातवीच्या एका पोरानं मागच्या वर्षी विचारलंही होतं, "मॅडम, ते अधिकारी इंग्रज होते का?" मी सांगितलं, नाही. वर्ग गप्प झाला. मग मी क्रम सांगितला: आधी फेरी, मग पोलिसांची गोळी, मग पोराचं प्रेत, मग आग. क्रम सांगितला म्हणजे चार माणसांचा जीव परत येत नाही, हे मला कळतं. पण आपल्या गावाचा अभिमान धरायचा तर आपल्या गावाच्या हातून जे झालं तेही आपणच उचलायचं. माझे पणजोबा त्या आगीच्या किती जवळ होते हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आजीनं विचारलं तर म्हणायचे, "धूर सगळ्यायच्या डोर्‍यात गेला."

तुमच्या पणजोबांनी कोणाला धरून दिलं नाही हे लिहून ठेवा. घरातल्या एखाद्या वहीत का होईना.

---

खारपाण

अकोला जिल्हा, दहिहांडा. आमच्याकडे समुद्र नाही, पण विहिरीचं पाणी खारं. १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि इकडच्या लोकांनी १३ एप्रिलला आमच्या गावच्या खाऱ्या पाण्याचं मीठ काढून कायदा मोडला. जे पाणी पिऊन पिढ्यान् पिढ्या मूत्रपिंडं खराब झाली, ज्याला आम्ही रोज शिव्या घालतो, त्याच पाण्यानं एकदा इंग्रजाला आव्हान दिलं. मला हे फार आवडतं. विषयाला धरून नाही, पण सांगावंसं वाटलं. आणि हो, ताई, नाव घ्या.

---

जुन्या_बाई

मी बत्तीस वर्षं शिकवलं, यवतमाळ जिल्ह्यात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तुमचा दुसरा प्रश्न, कोणत्या शब्दांत, त्यावर बोलते. पहिल्याचं उत्तर तुम्ही स्वतःच दिलेलं आहे, तुम्हाला आमचा फक्त होकार हवा होता.

पोरांपुढे मावशीवर काय झालं हे सांगायचं नसतं. मावशीनं काय केलं हे सांगायचं असतं. तुमच्या मजकुरात ते आहेच: सासूनं कडी घातली, ती गोठ्यातून गेली. सहावीच्या पोरीला हे लगेच समजतं. मागचं दार तिला माहीत असतं. "सैनिकांनी बायकांच्या अंगावर हात टाकला" एवढं एक वाक्य पुरे. ते खोटं नाही, अर्धवटही नाही. मोठ्या पोरींना त्यातलं सगळं कळतं, लहानांना जेवढं झेपतं तेवढं कळतं. आवाज खाली करू नका. आपण आवाज खाली केला की पोरं समजतात, ही लाजेची गोष्ट आहे. पणजोबांचं ज्या आवाजात सांगता त्याच आवाजात सांगा.

मग पुढची गोष्ट सांगा, कारण ती मावशीच्या बोलण्यामुळेच पुढे गेली. त्या बायका बोलल्या नसत्या तर बाहेर कोणाला कळलंच नसतं. सरकारनं बातम्या दाबल्या होत्या, चौकशी नाकारली होती. सेवाग्रामला भन्साळी म्हणून होते, प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी. गुजराती माणूस. बारा वर्षं मौन पाळलेला, कच्चं पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन राहिलेला. त्यांना चिमूरच्या बायकांचं कळलं आणि ते उठले. दिल्लीला गेले. आपल्या वणीचे बापूजी अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात होते, त्यांच्या दारी उपाशी बसले आणि म्हणाले, चौकशी करा. सरकारनं धरून परत पाठवलं. मग चिमूरला पायी निघाले. पोलिसांनी वाटेतून उचलून आणलं. पुन्हा निघाले. ११ नोव्हेंबर १९४२ पासून १२ जानेवारी १९४३ पर्यंत, त्रेसष्ट दिवस, त्यांनी अन्न घेतलं नाही. चिमूरशी त्यांचं नातं काय? काही नाही. त्यांच्या उपोषणाची बातमी छापायला बंदी घातली, तर देशातल्या वर्तमानपत्रांनी जानेवारीत एक दिवस अंकच काढला नाही. शेवटी नागपूरच्या डॉ. खऱ्यांनी मधे पडून तोड काढली. सरकारनं बंदी उठवली. चौकशी मात्र केली नाही, ती नाहीच केली.

आता पोरांना विचारा, हा सगळा देश कोणामुळे हलला? उत्तर ते देतील. चिमूरातल्या काही बायका समोर बसून बोलल्या म्हणून. बंदुकीनं नाही, दगडानं नाही, तोंडानं. मी शिकवत असते तर फळ्यावर मावशीचं घर, नागपूर, सेवाग्राम, दिल्ली अशी चार टिंबं काढली असती आणि रेघ ओढायला एका पोरीला उठवलं असतं.

एक गोष्ट मात्र मोठी बहीण म्हणून सांगते. नाव तुमचं नाही, त्यांच्या घरचं आहे. मावशीची मुलंबाळं, नातवंडं कोणी असतील तर आधी त्यांच्याकडे जा. फोनवर विचारू नका. जाऊन बसा. चहा घ्या. नाही म्हटलं तर "एक बाई" म्हणून सांगा, पण सांगाच.

---

अहेरीचा_माणूस

दोनच ओळी. १९४२ च्या आधी १८५८ आहे. आमचे बाबुराव शेडमाके, मोलमपल्लीचे जमीनदार, गोंड, रोहिले आणि माडिया पोरं घेऊन इंग्रजाशी लढले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या, आताच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फासावर गेले. वय पंचवीस. बाई, तुमच्या शाळेत गोंड पोरं असतील. त्यांना हेही सांगजा. त्यांचीही मान वर जाते.

---

आष्टीवाला

जुन्या_बाईंनी जे लिहिलं ते मी उतरवून घेतलं. आमच्या गावच्या कार्यक्रमात या वर्षी वाचतो, तुमची परवानगी धरून चालतो.

---

पाटलाचा_नातू

भन्साळींचं मला माहीत नव्हतं. आमच्या पुस्तकात चिमूरवर एक ओळ होती, तीही गाळलेल्या जागा भरायला. आज आईशी बोललो. ती म्हणाली, तुझ्या पणजोबांना वरून हुकूम आला होता, गावात भजन मंडळ कोण चालवतं त्यांची नावं द्या. त्यांनी लिहून दिलं, "गावात भजन होत नाही." गावात रोज रात्री खंजिरी वाजायची. आईला हे तिच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं, मला आज कळलं. वहीत लिहिलं, ताई.

---

चिमूरची_लेक

सगळ्यांना उशिरा उत्तर देते आहे, कारण जाऊन आले.

रविवारी सकाळच्या एसटीनं चिमूरला गेले. मावशीच्या मुलाची मुलगी तिथेच राहते, साठीच्या आसपास, शिवणकाम करते. आम्ही लांबून नात्यातल्या, पण लग्नाकार्यापलीकडे कधी बोललो नव्हतो. मी तिला आत्या म्हणते. पाऊस होता. तिनं मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि चहा ठेवला. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, रोवणे कुठवर आले, युरिया मिळाला का, घोडायात्रेला पुढच्या वर्षी येतेस का. अर्धा तास झाला. तीच म्हणाली, "तू कायच्यासाठी आली ते सांग ना."

सांगितलं. आजीचं वाक्य पण सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली आणि देवघराच्या खालच्या फडताळातून एक जुना पत्र्याचा डबा काढला. मला वाटलं फोटो असेल. फोटो नव्हताच, मावशीनं कधी काढू दिला नाही. डब्यात एक लुगड्याचा तुकडा होता, हिरवा, काठ विटलेला. आत्या म्हणाली, बुढी त्या नागपूरच्या बायांपुढे गेली तेव्हा हे लुगडं नेसून गेली होती. लग्नातलं. तिच्यापाशी तेवढं एकच चांगलं होतं. नंतर कधी नेसली नाही, पण फेकूही दिलं नाही. मेल्यावर सुनेनं अर्धं तिच्या अंगावर घातलं आणि अर्धं ठेवलं.

आजीनं मला हे सांगितलं नव्हतं. कदाचित तिलाही माहीत नसेल. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मी तो तुकडा हातात घेतला आणि मला एवढंच दिसलं, की ती बाई त्या दिवशी सगळ्यात चांगलं लुगडं नेसली होती. दार बंद असताना, गोठ्यातून जायचं असताना. शेणात काठ भरला असेल.

मी विचारलं, नाव घेऊ का? आत्या म्हणाली, "नाव घेजो. आडनाव नोको घेऊ. सासरचे हायेत अजून, त्यायच्या पोरीबारीचे लग्न व्हाचे हायेत." मी कबूल केलं. जुन्या_बाई, तुमचं ऐकलं म्हणून हे झालं. फोनवर विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती. निघताना तिनं विचारलं, किती वाजता असते भाषण? मी म्हटलं, झेंडा साडेसातला, भाषणं आठला. ती म्हणाली, मंग पयल्या गाडीनं येतो.

मामाला सांगितलं. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी फोन करून विचारलं, हार एक आणायचा की दोन. मी म्हटलं दोन, पण दुसरा कशाला घालणार, फोटो नाही. तो म्हणाला, आणतो तर खरं, पाहू.

भाषण सातवीतली एक पोरगी म्हणणार आहे. मी म्हणणार नाही. तिची आई सकाळी रोवायला जाते, ती घरचं करून शाळेत येते, आवाज खणखणीत. लिहून दिलं, पाठ करून घेतलं. सव्वाचार मिनिटं होतात. दीड मिनिट सोळा ऑगस्टची सकाळ आणि पणजोबा, अर्धं मिनिट मारली गेलेली चार सरकारी माणसं, दोन मिनिटं मावशी आणि भन्साळी, शेवटी अहेरीच्या दादांसाठी बाबुराव शेडमाके. मुख्याध्यापकांनी वाचलं. एक वाक्य वाढवलं, की नागपूरहून आलेल्या त्या बायांचेही आभार मानावेत. मला ते आवडलं, ठेवलं.

काल तालीम घेतली. "ती मागच्या दारानं, गोठ्यातून गेली" या वाक्यावर पोरगी थांबली. मला वाटलं विसरली. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, इथं मी हिरवं लुगडं सांगू का? तुमी मघा सांगतलं ते."

म्हटलं, सांग.

आष्टीवाला दादा, सोळाला तुमच्याकडेही कार्यक्रम असेल, तरी विचारते. त्या दिवशी संध्याकाळी इथेच सगळ्यांनी आपापल्या गावचं लिहायचं का? खारपाण आणि पाटलाच्या नातवानंही. मी रात्री नऊनंतर येईन. त्या दिवशी आमच्याकडे लाइट जायची खूप शक्यता आहे, उशीर झाला तर वाट पाहा.